उधाणातली तारीख

मतदानाची तारीख ज्यांनी ठरवली, त्यांनी अख्ख्या कोळीवाड्याचे पुरुष मतदानातून उठवले, आणि हे त्यांना ठाऊक होतं. सत्तावन्न साली अंधेरीच्या किनाऱ्यासाठी त्यांनी नेमका उधाणाचा दिवस धरला. उधाणात पाण्याला ओढ असते, जाळी भरतात, होड्या चार-चार दिवस परतत नाहीत. मासे विकणाऱ्या मथुराने महिनाभर आधी कचेरीत अर्ज दिला होता की तारीख भांगात ढकला, तेव्हा पाणी मंद असतं, पुरुष घरी असतात. उत्तर आलं नाही.

"नाय गेलो तर काय, बोटावरची शाई चाटू?" तिचा नवरा धर्मा म्हणाला आणि होडी घेऊन गेला.

शाळेतल्या केंद्रावर बायकांनी मतं दिली. साडेतीनशे पुरुषांच्या नावांपुढे खूण झालीच नाही. संध्याकाळी पेट्यांना लाख लागली.

"मावशी, तुमच्या लोकांना मताची कदर नाही," केंद्रावरचा साहेब म्हणाला.

"ते परवा येतील. परवापर्यंत पेटी ठेव ना."

"तसा नियम नाही. आता पाच वर्षांनी."

पाच वर्षांनीही कोणी भरती-ओहोटी बघणार नाही, हे तिला कळत होतं. तरी ती दारात आडवी उभी राहिली.

"खानेसुमारीला तुम्ही लोक आले ते भांगात. सगळे घरी होते, एकूण एक डोकं मोजलं. त्याच डोक्यांवर आमदाराची जागा काढली. मग हा आमदार कोणाचा रे? पेटी खाली ठेव, आधी सांग मला!"