पाणी तयार होईपर्यंत

नवरा कपडे भिजवायच्या बादलीत मीठ ढवळत होता, आणि ढवळायला त्याने तिचा लाकडी कालथा घेतला होता.

"तो माझा कालथा आहे," ती दारातूनच म्हणाली.

"लाकडाचा आहे म्हणून घेतला. लोखंड चालत नाही."

"कशाला चालत नाही?"

"समुद्राला."

तिने हातातला चिकटपट्टीचा रोल खोक्यावर ठेवला. खोक्यावर तिच्याच अक्षरात 'स्वयंपाकघर, रोजचं' असं लिहिलेलं होतं. असे अकरा खोके बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून उभे होते. दोन महिन्यांत हे घर विकून मुलाच्या गावी, मुलाच्या घरी, कायमचं राहायला जायचं ठरलेलं. घरातली सुईसुद्धा कमी करायची वेळ, आणि या माणसाने तीन फुटांची काचेची टाकी आणून ठेवली होती.

ठरवलं होतं मुलाने. तिने होकार असा दिलाच नव्हता. फोनवर तिने एवढंच विचारलं होतं, की तुमच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का रे. मुलाला तो होकार वाटला. मग दलाल आला, खोल्यांची मोजमापं झाली, आठवड्याला एखादं जोडपं येऊन तिची कपाटं उघडून बघू लागलं. आता मागे कसं फिरायचं हे तिला उमजत नव्हतं. मुलगा गुणी होता, मायेने बोलावत होता. "पुरे झालं आई तुझं ते मशीन," म्हणत होता. मशीन म्हणजे शिलाईचं. बाल्कनीत बसून ती लोकांच्या विजारींची लांबी कमी करी, चेनी बदली, घट्ट झालेलं सैल करून देई. सव्वीस वर्षं करत होती. मुलाला नाही म्हणणं मात्र तिला कधीच जमलं नव्हतं. लहानपणी त्याला कडू औषध पाजायचं कामही नवऱ्याकडेच असे.

नवरा चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून वर्षापूर्वी निवृत्त झालेला. बोलणं मोजकं. लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून कुठलं चाक झिजलंय ते सांगणारा.

"अहो, पण आत्ता? आत्ताच सुचलं तुम्हाला?"

"स्वस्तात करणार आहे," तो म्हणाला, जणू तिने तेच विचारलं होतं.

स्वस्तात म्हणजे टाकी एका बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यातली. एका काचेवर लांबलचक ओरखडा होता, तो त्याने भिंतीकडे केला. घडवंची जुन्या लोखंडी पट्ट्या जोडून केलेली, आणि बुडबुड्याची पट्टी चारी बाजूंनी फिरवून इतकी समपातळीत आणलेली, की या घरात तेवढी सरळ वस्तू दुसरी नव्हती. पंप कुणाच्या तरी हॉटेलातल्या कारंज्याचा. हीटर खोका फाटलेला म्हणून पडत्या भावात मिळालेला. मीठ तेवढं त्याने हट्टाने माशांच्या दुकानातून आणलं.

"घरातल्या मिठाला काय धाड भरलीय?"

"त्यात मासा मरतो."

"आपण बरे जगलो इतकी वर्षं."

त्याने यावर खरोखर विचार केला. "आपण त्यात राहत नाही," तो म्हणाला.

टाकी भरली. सच्छिद्र दगड रचून झाले, पंप घुमू लागला, आणि मासा काही आला नाही. आधी पाणी तयार व्हावं लागतं म्हणे. तयार व्हायचं म्हणजे काय, तर नवऱ्याने बाजारातून एक कोलंबी आणली, चांगली मोठी, ताजी, आणि ती टाकीत सोडून दिली.

"मेलेली आहे ती," ती म्हणाली.

"हो. सडायला टाकलीय. ती सडली की विष होतं. विष झालं की ते खाणारे जंतू वाढतात. ते पुरेसे झाले की मासा आणायचा."

तिने कपाळावर हात मारून घेतला. ज्या घरात लोक गिऱ्हाईक म्हणून येणार, त्या घरात याने बाहेरच्या खोलीत, मध्यभागी, दिवा लावून कोलंबी सडवायला ठेवली होती. चार दिवसांनी दलाल एका जोडप्याला घेऊन आला, तेव्हा तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि उदबत्त्या लावल्या. जोडप्यातल्या बाईने नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे घराबरोबरच येतं का?"

"नाही, हे आमच्याबरोबर जातं," ती म्हणाली, आणि टाकीकडे का नवऱ्याकडे बोट केलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

समोरच्या दारातले मास्तर रोज सकाळी पेपर परत द्यायला येत आणि वाकून टाकीत बघत. "वहिनी, मासा भलताच लाजरा दिसतो," म्हणत. पहिल्यांदा ती हसली. विसाव्यांदा तिने पेपर दारातच हातातून ओढून घेतला.

नवऱ्याचा मात्र नेम चुकत नव्हता. रोज सकाळी तो काचेच्या बोटभर नळीत टाकीचं पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब टाकी आणि नळी खिडकीशी धरून रंग बघे. हिरवा म्हणजे विष आहे. पिवळा म्हणजे संपलं. रोज हिरवा. कमी हिरवा, जास्त हिरवा, पण हिरवा. तिला वाटे, चाळीस वर्षं लोकांना वरखाली पोचवणाऱ्या माणसाने आता कुठेच न पोचणारं काहीतरी शोधून काढलंय. खोके भरायला त्याचा हात लागेल तर शपथ.

पाच आठवड्यांनी एका शुक्रवारी नळी पिवळी झाली. "झालंच म्हणायचं," तो म्हणाला. आवाजात फारसा उत्साह नव्हता. हे तिच्या कानाला खटकलं, पण दाराशी कुणीतरी विजार घेऊन उभं होतं.

शनिवारी दलालाचा फोन आला. उद्या जे लोक येणार ते बघे नव्हते, घेणारे होते. घर चकचकीत पाहिजे. नवरा बाहेर गेला होता. तिने लादी पुसली, दाराच्या मुठी पुसल्या, आणि मग ती टाकीपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर चढला होता. काचेवरही. असं घर दाखवायचं? तिने एकेक दगड काढून मोरीत नेला, मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, आणि तारेच्या घासणीने ते असे घासले की ते आणले तेव्हाही इतके पांढरे नव्हते. पंपातला स्पंज काळा झालेला, तोही उकळत्या पाण्यात खळबळून पिळला. काच पुसली. दगड जसे होते तसे परत रचले. पाठ मोडून आली, पण टाकी पहिल्यांदाच बघण्यासारखी दिसत होती.

नवरा आला. पिशवी हातातच राहिली.

"गरम पाण्याने धुतलेस?"

"मग काय थंड पाण्याने निघतं ते?"

तो खुर्चीत बसला. "जंतू दगडांत राहतात," तो म्हणाला. "आणि स्पंजात. पाच आठवडे तेच वाढवत होतो."

"मग आता?"

"आता पहिल्यापासून. सहा आठवडे. आठही लागतील."

ती वादळाची वाट बघत उभी राहिली. पेचकसाच्या डब्यात एक पेचकस उलटा ठेवलेला दिसला म्हणून संध्याकाळभर न जेवलेला हा माणूस. तो उठला, फ्रीज उघडला, एक कोलंबी काढून टाकीत सोडली, आणि हात धुता धुता शीळ घालू लागला.

तिला संताप आला. चूक तिची, आणि त्याला राग येत नव्हता, म्हणून तिला येत होता. बोल लावून मोकळा झाला असता तर तिलाही दोन शब्द सुनावता आले असते. ही शीळ कुणाला परत करायची?

रविवारी ते लोक आले, त्यांना घर आवडलं. सोमवारी सकाळी ती माशांच्या दुकानात गेली. मनाला लागून राहिलं होतं. काहीतरी औषध, काहीतरी गोळी असेलच, हल्ली सगळ्यावर असते.

दुकान एक तरुण बाई चालवत होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, केसात पेन्सिल खोचलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फळीवरची एक बाटली काढली.

"जंतूच आहेत यात. ओतले की दहा-बारा दिवसांत पाणी तयार. पण काकू, काका घेणार नाहीत हो. पहिल्याच दिवशी दाखवली होती मी."

"महाग असेल. चिक्कू आहेत ते."

"फुकट देत होते मी. तारीख संपत आलेली एक पडून होती. नको म्हणाले."

"का?"

बाईने बाटली पदराने पुसावी तशी बाहीने पुसली. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मी त्यांना गोड्या पाण्याची टाकी घ्या म्हणत होते. नवीन माणसाला तीच बरी, आटोपशीर, उद्या कुठे जायचं झालं तर उचलून नेता येते. तर त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त दिवस कशाला लागतात? म्हटलं, समुद्राच्या पाण्याला. दोन महिने धरा, आणि एकदा भरली की जागची हलवायची नाही. तर म्हणाले, मग ती द्या." ती हसली. "अशी मागणी कुणी केली नव्हती अजून."

बाटली न घेताच ती निघाली. इमारतीत आल्यावर लिफ्टमध्ये शिरली, दार लागलं, आणि बटण दाबायचं राहून गेलंय हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

नवरा रबरी नळीने टाकीतलं जुनं पाणी बादलीत काढत होता. तिने चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली.

"तुम्हाला जायचं नाहीये तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

त्याने मान वर केली नाही. "मला कुठेही चालतं. लिफ्ट काय, सगळीकडे असतात."

"मग हे कशाला?"

"भांड्यांचा खोका तू तीनदा भरलास आणि तीनदा सोडलास."

"डबा लागला होता मला."

"हो," तो म्हणाला.

एवढ्यात फोन वाजला. मुलाचा. तिने फोन खोक्यावर आडवा ठेवला आणि आवाज मोठा केला.

"आई, अगं झालं काम! ते लोक विसार द्यायला तयार आहेत. उद्या दलाल कागद घेऊन येईल. तू फक्त हो म्हण."

"अरे, पण बाबांची टाकी," ती म्हणाली. "पाणी तयार नाही झालं अजून. माझ्याच हातून बिघडलं. आता सहा आठवडे तरी लागतील, आणि मध्ये ती हलवता येत नाही."

मुलगा हसला. प्रेमानेच हसला. "एवढंच ना? ती देऊन टाका कुणाला तरी. इथे मी बाबांना नवीन घेऊन देतो. मोठी, तयार, मासे सोडलेली. तुम्ही यायच्या आधीच लावून ठेवतो. बाबा, ऐकताय ना? कुठला मासा हवा ते सांगा."

हातात नळी धरून नवरा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्याकडचं संपलं होतं. दोन महिने पुरेल असं जे काही स्वस्तात जमवता आलं, ते त्याने जमवलं होतं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"टाकीचं नाही रे," ती म्हणाली. "मलाच यायचं नाहीये."

पलीकडे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज आला, कुणी हाक मारली, मुलाने "थांब जरा" म्हटलं.

"म्हणजे कधीच?"

"पाहुणी म्हणून येईन की. महिनाभर राहीन. तुझी कपाटं उघडून बघीन. पण माझं मशीन इथेच राहू दे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तिने खोक्यावरच्या चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं.

"रागावलास?"

"नाही," मुलगा म्हणाला, आणि ते पूर्ण खरं नव्हतं हे तिला कळलं. मग तो म्हणाला, "दलालाला मी सांगू, का तू सांगतेस?"

"मी सांगते."

"बाबा काय करतायत?"

तिने वळून पाहिलं. नवरा जागचा हलला नव्हता. नळी तशीच हातात, तोंड किंचित उघडं, आणि बादली केव्हाच भरून खाऱ्या पाण्याचा ओघळ लादीवरून खोक्यांच्या दिशेने निघाला होता.

"ऐकतायत," ती फोनवर म्हणाली, आणि फोनवर हात ठेवून त्याच्यावर खेकसली, "अहो, बघत काय उभे राहिलात? भांडी भिजतील माझी. उचला तो खोका, स्वयंपाकघरात न्या."