अडीनडीचं पाणी

मक्याला भर लावता लावता मिकाएलानं पुन्हा तोच विषय काढला, अन् हिलारिओनं कुदळ चिखलात आपटली.

“अवं, पोरगं तापानं फणफणलंय. डोईवर पाणी घालू द्या त्येच्या. पाद्री येतोय म्हैन्यातनं एकदा; अडीनडीला आईनं घातलं तरी बाप्तिस्मा हुतोय.”

“कितींदा सांगू? आमच्या पंथात अजाण पोराला पाणी न्हाई. मोठं हुईल, इस्वास धरंल, मग नदीत उतरंल. लगीन करताना कबूल केलंवतंस.”

“तवा पोटात पोर नव्हतं. तवा मी काय बी कबूल केलं असतं!”

लग्नच तसलं. नवरी कॅथलिक, नवरा नव्या पंथाचा. त्याच्या माणसांनी दारू शिवली नाही, तिच्यांनी जेवण शिवलं नाही. आता तिचं धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. बिनपाण्याचं लेकरू मेलं तर कायम अंधारात रडत बसतं, हे तिच्या आईनं तिला लहानपणापासून सांगितलेलं.

तीन दिवस पाऊस. डोंगर खचून रस्ता बंद, डॉक्टर खाली शहरात. हिलारिओनं आपल्या आईला, दोमिंगाला, पाळण्यापाशी बसवलं. पंथाच्या प्रार्थनेत सगळ्यांहून मोठ्यानं गाणारी बाई ती! मिकाएला पाण्याचा तांब्या घेऊन आली की म्हातारी डोळे वटारायची.

चौथ्या दिवशी दुपारी पोर गेलं. हिलारिओ शवपेटीसाठी फळ्या आणायला बाहेर पडला तशी मिकाएला सासूच्या अंगावर धावली.

“आत्याबाई, घात केलासा! माझं लेकरू अंधारात लोटलंत!”

दोमिंगानं दार ओढून घेतलं. “हळू बोल. पाणी घातलंय मी. जल्मला त्याच दिशी. तू बेसूद हुतीस.”

“तुमी? तुमी तर ह्या पंथाच्या…”

“माझा पयला बिनपाण्याचा गेला, बाई. ह्यांचा पाश्टर म्हनला, लेकरं सरळ देवाकडं जात्यात. म्हून तर मी ह्यांच्यात आले. तीस वरसं गाते.” म्हातारीनं पाळण्याकडं बघितलं. “पर खात्री वाटंना.”

“मग मला का जाळलंत तीन दीस?”

“रागाच्या भरात त्याला बोलली असतीस. त्यानं मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं.”

मिकाएलानं सासूनं पुढं केलेल्या सुरकुतल्या हाताला आधी हिसडा दिला, मग तोच घट्ट धरून ती ढसाढसा रडली.

हिलारिओ फळ्या घेऊन आला. बायकोशेजारी बसला. त्याचेही डोळे लाल होते.

“रडू नगंस. पाणी नसलं म्हून काय झालं? सरळ देवाकडं गेलं आपलं पोर.”

मिकाएलानं सासूकडं बघितलं. सासू खाली मान घालून पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होती.

“व्हय,” मिकाएला म्हणाली. “गेलं.”

लग्न झाल्यापासून देवाच्या बाबतीत नवरा-बायकोचं ते पहिलंच एकमत.