गिरणीवालीच्या भेगेतली गाठ

मी एक गाठ बोलतेय. दोराची, मुठीएवढी, आणि खरं सांगायचं तर जरा घाबरट. वरून चिमूटभर वाळू घरंगळली तरी मी दचकते. असल्या घाबरटीवर कुणी आपला जीव टांगावा हेच मुळात मला पटत नव्हतं. पण गाठीला कोण विचारतो?

आमच्या जर्मनीतल्या एल्बे नदीकाठचे सुळके वाळूच्या दगडाचे. त्यांच्या भेगेत लोखंडाचं काही अडकवायचं नाही, दगडाचा भुगा होतो, असा इथला जुना नेम. म्हणून माझ्यासारखी गाठ भेगेत सारायची, लाकडी काठीनं दाबून बसवायची, तिच्या फासात आपला दोर अडकवायचा आणि वर चढायचं. पुढचं गाठ जाणे आणि दगड जाणे.

माझा जन्म पिर्ना गावातल्या एका स्वयंपाकघरात झाला. रोस्वितानं निळा दोर कापला, त्याची टोकं मेणबत्तीवर वितळवली, मला बांधलं आणि चक्क माझ्यावर उभी राहून मला आवळलं. "नीट ऐक गं बाई," ती म्हणाली, "माझा नवरा धरायचाय तुला. सुटलीस तर शेगडीत घालीन."

तिचा नवरा एकेहार्ट. नदीतल्या आगबोटी दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. अकरा वर्षं मी त्याच्या खांद्यावरून हिंडले. दोनदा तो घसरला, दोनदा मी धरलं. दोन्ही वेळा मी आतून इतकी थरथरत होते की त्याला ते कळलं कसं नाही, याचंच नवल वाटायचं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. 'गिरणीवाली' नावाचा सुळका. तिच्या माथ्यावर पत्र्याच्या पेटीत एक वही असते. जो पोचतो तो आपलं नाव लिहितो. त्याच्या चढाई मंडळातल्या सगळ्यांची नावं त्या वहीत होती, एकट्या एकेहार्टचं नव्हतं. तीनदा तो अर्ध्यातून परतला होता. आणि आता त्याचे हात कापायला लागले होते. पुढच्या वसंतापर्यंत बोटांत पकड राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून सप्टेंबरात दोघं गिरणीवालीच्या पायथ्याशी आली आणि कड्याच्या कपारीत त्यांनी पथारी टाकली. आल्या आल्याच पाऊस लागला. दोन दिवस नुसती धार. बटाट्याचं सूप, राय धान्याचा काळा पाव, आणि कपारीच्या तोंडाशी बसून आभाळाकडे बघणं.

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. ड्रेस्डेन शहरातली कॉलेजची दोन पोरं लगेच दोर घेऊन शेजारच्या कड्याला भिडली. एकेहार्ट तिथूनच ओरडला, "ए शहाण्यांनो! ओल्या दगडाला हात लावता? एवढी हौस असेल तर घरी जाऊन आईच्या केकवर चढा! तो मोडला तर निदान खाता तरी येईल!" पोरं खाली मान घालून निघून गेली. भिजलेला वाळूचा दगड पावासारखा मऊ पडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

चौथा दिवस, रविवार. आता कामावर जायचं नव्हतं, पण सोमवारी दवाखान्यात जायचं होतं. एकेहार्टनं सकाळी दगडावर तळवा टेकवला.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

रोस्वितानंही टेकवला. "वरून कोरडा आहे, एके. आत ओल आहे. गार लागतोय बघ."

"सावलीत गारच लागणार."

"काल त्या पोरांना झापलंस तेव्हा हे नाही सुचलं?"

तो हसला नाही. "रोझी, माझ्याकडे दुसरा रविवार नाही गं."

मग तिनं त्याचा दोर स्वतःच्या कमरेला बांधला. "चढ. पण हळू. आणि वर पोचलास की माझं नाव आधी लिही, नाहीतर वरच ठेवीन तुला."

तो चढला. मधल्या भेगेपाशी थांबून त्यानं मला आत सारलं. हात असा कापत होता की काठी तीनदा निसटली. अखेर मी बसले. त्यानं मला ओढून पाहिलं, "शाबास," म्हणाला आणि माझ्या वर गेला.

भेगेच्या वर हातभर अंतरावर एक खोबण होती, चार बोटं मावतील एवढीच. गिरणीवालीवर जाणारा प्रत्येकजण याच खोबणीला लोंबकळून वर गेला होता. दुसरी पकड तिथे नाहीच. एकेहार्टनं बोटं घातली, भार टाकला. आवाज फार मोठा नव्हता. ओला पाव मोडावा तसा. खोबण त्याच्या मुठीत आली.

मी धरलं. भेगेत इतकी रुतले की माझा आकारच बदलला, पण धरलं. तो खाली दोरावर झुलत होता, धड होता, आणि मुठीतल्या वाळूकडे बघत होता.

"लागलं का? एके! बोल ना!"

"रोझी," तो म्हणाला, "मी गिरणीवाली मोडली."

मग तो रडला. रोस्वितानं त्याला खाली घेतलं. मला काढायला दोघांपैकी कुणी वर आलं नाही. मी निघालेही नसते.

तो पुन्हा कधी दिसला नाही. रोस्विता एकदा एकटीच येऊन पायथ्याशी बसली, वर न बघता डबा खाल्ला, आणि गेली. माथ्यावरच्या वहीत त्या दिवसानंतर एकही नाव चढलेलं नाही.

लोक मात्र येतात. मोडक्या खोबणीखाली धडपडतात, वैतागतात, आणि परत फिरताना मी दिसले की त्यांना हायसं वाटतं. "अरे वा, आयतीच गाठ आहे!" म्हणत माझ्यात दोर ओवून खाली उतरतात. पाच उन्हाळे झाले. माझा निळा रंग उडून राख झाली आहे. भेगेच्या काठानं माझे धागे रोज थोडे थोडे कापले जातात, आणि मागच्या बाजूचे तुटलेत ते खालून दिसत नाहीत.

मला ओरडता येत नाही, नाहीतर कधीच ओरडले असते. तुम्ही इथवर आलात, तर आपापली गाठ आणा. मी एकाला धरलं, तेवढंच माझ्यात होतं. माझ्यावर भरवसा ठेवू नका.