पेन्सिलनं लिहिलेली सावली

आमच्या रक्तपेढीत ‘सावली’ कशाला म्हणतात ते आधी सांगते, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. हिपॅटायटिस बी तपासायच्या पट्टीवर थेंब टाकायचे आणि घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचं. एकच रेघ उमटली तर पिशवी चांगली, दोन उमटल्या तर बाद. पण कधीकधी दुसरी रेघ इतकी फिकट असते की आहे म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. ती सावली. ती दिसली की वहीत पेन्सिलनं लिहायचं, पुन्हा तपासायचं, आणि मगच पेननं निकाल लिहायचा. तोवर पिशवी खालच्या फ्रीजमध्ये, चांगली निघाली की वरच्या. हा शब्द बाईंचा आणि ही पद्धतही त्यांचीच.

बाई म्हणजे आमच्या मुख्य तंत्रज्ञ. अकरा वर्षांपूर्वी मी आले तेव्हा मला नळीवर लेबल सरळ चिकटवता येत नव्हतं. त्यांनी हाताला धरून सगळं शिकवलं. माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा पाठवला. ‘ही माझी लेकच’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि मी मूर्खासारखी खूश व्हायचे.

त्या दिवशी मोठं मशीन बंद होतं, म्हणून सगळा भार पट्ट्यांवर. सकाळी बाईंचा मुलगा रक्त द्यायला आला होता. पंधरा दिवसांवर त्याचं लग्न. आम्ही त्याची भरपूर खेचली. ‘नवरदेव, सुईला घाबरलात तर बायकोपुढं काय टिकणार!’ त्याच्या पिशवीला लेबल बाईंनीच लावलं. आमच्याकडे नळ्या येतात त्या नुसत्या नंबरानं, नाव नसतं.

दुपारी चौतीस नंबरच्या पट्टीवर मला सावली दिसली. वहीत माझी सही केली, पुढं पेन्सिलनं ‘सावली’ लिहिलं आणि बाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पट्टी अगदी डोळ्यांशी धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

“मी लावते पुन्हा. तू जा, दोन घास खाऊन घे.”

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! एवढी काळजी कोण करतं हो हल्ली?

परत आले तर बाई वरच्या ऑफिसात गेलेल्या. पेन्सिल खोडलेली होती आणि वर पेननं, त्यांच्या गोल अक्षरात, ‘निगेटिव्ह’. दुसरी पट्टी कुठं आहे हे मी शोधलंसुद्धा नाही. बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर शोधायचं काय? पिशवी मी वरच्या फ्रीजमध्ये हलवली. तेवढ्यात वॉर्डातून फोन आला, ऑपरेशननंतर एका पेशंटचा रक्तस्राव थांबत नाहीये. गट याच पिशवीचा. मी जुळवून बघितलं आणि चौतीस नंबर देऊन टाकला.

चार वाजता बाई खाली आल्या आणि सरळ खालचा फ्रीज उघडला.

“चौतीस कुठंय?”

“वॉर्डात दिली की.”

त्यांनी फ्रीजचं दार धाडकन लावलं. “अगं, कुणी सांगितलं होतं तुला? संध्याकाळी मी ती फुटली म्हणून टाकणार होते!”

“धडधडीत चांगली पिशवी फुटली म्हणून का टाकायची?”

त्यांनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्या मुलाची होती ती.”

मी फोनकडे झेपावले. त्यांनी माझ्या हातावर हात दाबला. “थांब, ऐक माझं. वहीत चढलं की चारचौघांत होईल. लग्न मोडेल त्याचं.”

“मोडू दे! आणि मोडायचं तरी कशाला? त्या नवऱ्या मुलीला लस द्यायची तर तीन इंजेक्शनांचं काम होतं, बाई. तुम्हाला मी सांगायचं हे?”

“आणि सही तुझी आहे,” त्या म्हणाल्या. “विसरू नकोस.”

अकरा वर्षं मी ज्या हातांकडे बघून शिकले, ते हात मला फोन उचलू देत नव्हते. मी हिसडा दिला. वॉर्डला ओरडून सांगितलं, “रक्त बंद करा, आत्ताच्या आत्ता!” आणि जिने उतरत धावले.

निम्मी पिशवी गेली होती. पेशंट शिवणकाम करणारी, चाळिशीची, पांढरीफटक. शेजारी तिची बहीण. “ताई, तुम्हीच दिलंत ना रक्त? बघा, थोडी तरतरी आलीय हिला.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर आले. मी घडलं ते सगळं, कुणाची पिशवी तेही, सांगितलं. त्यांनी लस आणि एक वेगळं इंजेक्शन लगेच द्यायला लावलं. लागण टळेलच असं सांगता येत नाही म्हणाले, सहा महिने तपासत राहावं लागेल. मग दारातून आत आलेल्या बाईंकडे वळून विचारलं, “पट्टी कुणी वाचली?”

“हिनं,” बाई म्हणाल्या. वही बगलेत घेऊनच आल्या होत्या. उघडून माझी सही दाखवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“वाचली मीच,” मी म्हणाले, “आणि बरोबर वाचली. नळी शिल्लक आहे. चला, तुमच्यासमोर पुन्हा लावते.”

डॉक्टर वही घेऊन निघाले, बाई त्यांच्या मागोमाग. मीही वळले, तेव्हा त्या पेशंटनं माझा कोट धरला. तिनं सगळं ऐकलं होतं.

“तुम्हाला दिसली होती ना ती रेघ? मग दिलंत कसं?”

खरं तेच सांगितलं.

“माझा बाईंवर विश्वास होता.”

“आणि माझा तुमच्यावर,” ती म्हणाली आणि तिनं माझा कोट सोडला.