नवसाचा कोंबडा आणि नाचणीचे दाणे

मी एक जुना कोंबडा आहे, मित्रांनो. कोंबड्याला कोणी जुना म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्यात म्हातारा होईपर्यंत सहसा कोणी उरतच नाही, त्यामुळे मला कोणता शब्द लावावा हे आमच्या साखरशेत गावात अजून ठरलेले नाही.

माझा मालक नवशा, त्याच्या पडवीत डालग्याखाली मी अंड्यातून बाहेर आलो. वाढलो तो लालभडक. आवाज असा की पलीकडच्या पाड्यावरची माणसे उठून चूल पेटवत. एके दिवशी भाताचे पोते उतरवताना नवशाच्या हातून निसटले आणि माझ्या डाव्या पायावर पडले. हाड मोडले. नवशाने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग कोयत्याकडे. त्याला मी दोष देत नाही. लंगड्या कोंबड्याचे दुसरे काय करतात?

पण त्याची मुलगी वर्षाली तेव्हा सुट्टीला घरी आली होती. ती शहरात फिजिओथेरपी शिकत होती, म्हणजे अडलेले हातपाय व्यायामाने पुन्हा चालते करण्याची विद्या. तिने बांबूच्या कामट्या तासून माझ्या पायाला बांधल्या. हाड जुळल्यावर ती मला उंबऱ्यापाशी उभे करी आणि नाचणीचे दाणे एक पाऊल पुढे ठेवी. तेवढे खाल्ले की पुढचे दाणे आणखी एक पाऊल पुढे. मी ओरडलो, तिला चोचीही मारल्या. तिची आजी गौरा हसून हसून बेजार व्हायची.

"कोंबड्याला चालाय शिकवते! उद्या त्याला पाटी-पेन्सिल घे."

हसेना का. मी चालू लागलो, मग धावू लागलो आणि मग अंगणातल्या कोंबड्यांसमोर छाती काढून मिरवूही लागलो. ते दिवस फार सुखाचे होते.

वर्षाली पदवीधर झाली. पुढची प्रवेश परीक्षाही पास झाली. मेडिकल कॉलेजात जागा मिळणार हे नक्की झाले, फक्त कोणती शाखा घ्यायची ते तिने ठरवायचे होते. त्याच सुमारास आजी गावदेवाला नवस बोलली, "पोरीचं एकदा ठरू दे, तुला लाल कोंबडा देईन." मित्रांनो, घरात लाल कोंबडा एकच होता.

आणि वर्षालीचे काही केल्या ठरेना! ठाण्याहून आलेला जगनकाका म्हणे, "खेळाडूंवालाच कोर्स घे. जिममधी साहेब लोक लाईन लावतील. एकदम बिनधास्त!" तिच्या मॅडम म्हणत, मेंदूच्या आजारांची शाखा घे, मोठ्या हॉस्पिटलात मान मिळेल. तिसरी शाखा होती सामुदायिक फिजिओथेरपी. तिच्यात यंत्रे बाजूला ठेवून गावोगाव, घरोघर जायचे. तिच्या मैत्रिणी म्हणत, ती काहीच मिळाले नाही तर घ्यायची. वर्षाली आंब्याखाली रेंज शोधत फोनवर बोलायची आणि आणखी गोंधळून परत यायची. ती माझ्यासाठीच वेळ काढते आहे, असे मला वाटे. तसे काही नव्हते. तिला खरेच कळत नव्हते.

शेवटी आजीचा धीर सुटला. "देव खोळंबलाय म्हणून तुझं ठरत नाय. आधी त्याचं त्याला देऊ. कोंबडा चिवट व्हाया लागलाय."

मी हळूच डालग्यामागे सरकलो.

"आजी, त्याचा पाय मोडलेला," वर्षाली घाईघाईने म्हणाली. "देवाला खोड असलेला चालत नाही ना?"

"तूच बरा केलास ना? खरं सांग, बरा झाला का नाय?"

वर्षाली कात्रीत सापडली. नाही म्हणावे, तर स्वतःची विद्या खोटी ठरत होती. हो म्हणावे, तर माझा जीव जात होता. तिने मला उचलून घेतले आणि आम्ही सगळे गावदेवाकडे निघालो.

तिथे पूजा करणारे देवजीबाबा बसले होते. त्यांनी मला झाडलेल्या जमिनीवर सोडले. "चालू दे. लंगडला तर परत न्या."

मित्रांनो, लंगडणे मला अजिबात अवघड नव्हते. दोन पावले वाकडी टाकली असती की सुटलो असतो. मी पाय उचलला आणि वर्षालीकडे पाहिले. तिची नजर माझ्या पायावर होती. बांबूच्या कामट्या बांधताना होती तशीच. माझ्याने ते झाले नाही. मी ताठ मानेने, सरळ चालत देवापर्यंत गेलो.

"पाय साफ हाय," देवजीबाबा म्हणाले.

"मोडला होता! तिनंच बांधला!" आजीने अभिमानाने सांगितले.

देवजीबाबांनी मला उचलले. पाय चाचपता चाचपता हाडाची जुनी गाठ त्यांच्या बोटाला लागली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. "माझी म्हातारी, गोदी, दोन वर्षं खाटेवर हाय," ते हळूच म्हणाले. "लकवा मारला. डाक्तर बोलला, व्यायामाला शहरात आणा. कसं न्यायचं रोज? पोरी, तू माणसाचा पाय पण असाच चालवतेस काय गं?"

वर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "बघते की, बाबा. आजच येते. आणि मी तेच शिकणार आहे आता. घरी येऊन करायचं."

असे तिचे ठरले. उभ्या उभ्या, देवासमोर.

"मग आता नवस फेडायचा!" आजीला लगेच आठवले.

"देवाला नारळ दे," देवजीबाबा मला काखेत धरून म्हणाले. "हा मला लागल. गोदीला दाखवायचाय."

माझा जीव भांड्यात पडला.

वर्षालीने कॉलेज सुरू होईपर्यंत गोदीआजीला आधी बसते केले, मग उभे केले आणि पुढचे सारे देवजीबाबांना नीट शिकवून ठेवले. आता ती दर सुट्टीला येते. गोदीआजीच्या एका हातात काठी असते आणि लुळ्या हातात नाचणीचे दाणे. ते तिने मला घालायचे असतात. मला भूक असते, पण मी जवळ जात नाही. मी तिच्यापासून एक पाऊल लांब उभा राहतो. ती मला शिव्या देते, हसते आणि एक पाऊल टाकते. मग मी आणखी एक पाऊल मागे सरतो. परवा ती अशीच मला शिव्या घालत अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आली. देवजीबाबा तिथे बसून लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरात कोणाचा पाय अडला, हात अडला, तर त्याला खाटेवर विसरू नका. त्याच्यापुढे दाणा ठेवा. फार लांब नको, एकच पाऊल पुढे.