अकरा खिळे आणि एक काओर

मी एक जुनी, खानदानी बाटली आहे. नैऋत्य फ्रान्समध्ये काओर नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या उतारावर माझी द्राक्षं पिकली. तिथली वाइन इतकी गडद असते, की जुनी माणसं तिला काळीच म्हणतात. असं हे घराणं घेऊन मी गेली चार वर्षं सेंगकांगमधल्या एका सिंगापुरी फ्लॅटच्या बॉम्ब शेल्टरमध्ये, तांदळाचं पोतं आणि हिंगाचा डबा यांच्या मधोमध उभी होते. बॉम्ब पडले तर माणसांनी बसावं म्हणून ती जाड भिंतींची खोली असते. बॉम्ब पडत नाहीत, म्हणून तिथे धान्य ठेवतात.

मित्रांनो, माझ्या पोटातलं चाखायचं तुमचं वय नाही. माझी लाज ऐकायला मात्र हरकत नाही.

प्रबोध आणि मनोहर एकाच वर्षी पुण्याहून इथे आले आणि आंग मो किओ भागातल्या एकाच कंपनीत लागले. दोघांनी एकाच महिन्यात पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज केला. त्याच सुमारास मनोहर कामासाठी फ्रान्समध्ये तुलूझला गेला होता. येताना त्याने मला स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं आणि प्रबोधच्या हातात दिलं. "पीआर झाली की उघडायची," तो म्हणाला. "ज्याची आधी होईल त्याच्या घरी. दुसऱ्याने मटण खायला यायचं."

प्रबोधची झाली. मनोहरचा नकार त्याच आठवड्यात आला.

"आत्ता कुठे सांगतोस त्याला?" प्रबोधची बायको अरुणा म्हणाली. "चार दिवस जाऊ देत."

चार दिवस गेले, चार महिने गेले. मनोहरने विचारलं, की प्रबोध सांगायचा, "पेंडिंग आहे रे." पुढे त्याने हा फ्लॅट विकत घेतला. असा फ्लॅट पीआर असेल तरच घेता येतो, म्हणून मनोहरला सांगितलं, भाड्याचा आहे. मनोहर यायचा त्या दिवशी मला शेल्टरमधून काढून, पुसून, टीव्हीशेजारी ठेवायचे. "बघ, तुझी बाटली कशी जपलीय!" मी बंद आहे, म्हणजे पीआर झालेली नाही. त्या घरात खोटं बोलण्याचं काम असं माझ्याकडे होतं. मी ते चोख केलं. कौतुकही व्हायचं. एवढी लाज कुठल्याही बाटलीला शोभत नाही.

मग मनोहरची नोकरी गेली. कामाचा पास संपला, सामान पुण्याला रवाना झालं. निरोपाचं जेवण प्रबोधकडे ठरलं. प्रबोधने दोन शनिवारी वाइनचा वर्ग केला होता, त्यामुळे जेवणाचा बेत फ्रान्सच्या नकाशावरून झाला. कोथिंबीर वडीला अल्सासची पांढरी, कारण ती तिखटाला सांभाळून घेते. मसालेभाताला बोजोलेची हलकी लाल. आणि मटणाच्या रश्श्याला काओर, कारण आमच्याकडचे लोकही मांस असंच तासन् तास शिजवतात. म्हणजे मीच. दुसरी काओर आणायची त्याला सवड होती. त्याने मलाच काढलं. बहुधा आज खरं सांगायचं त्याच्या मनात असावं.

मटण वाढलं गेलं. मनोहरने मला हातात घेतलं.

"मग, अजून पेंडिंग?"

प्रबोध रश्श्याकडे बघत म्हणाला, "पेंडिंगच रे."

"तुझ्या भिंतींना खिळे किती आहेत?"

"काय?"

"अकरा. मोजलेत मी. माझ्या घरमालकिणीने कॅलेंडरसाठी एक मारू दिला नाही. तुझ्या देवघराला तर ड्रिल मारलंय. भाड्याच्या घरात कोण मारू देतं रे?"

तेवढ्यात प्रबोधची अकरा वर्षांची मुलगी जाई इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, धिस वन अवर ओन हाउस लाह. पापा सेड डोन्ट टेल."

"जाई, वाटी घे आणि गप बस," अरुणा म्हणाली.

"सांगणार होतो," प्रबोध म्हणाला. "आधी थोडा उशीर झाला. मग इतका झाला, की सांगायची लाज वाटायला लागली."

"वास्तुशांत केलीस?"

"केली. दार लावून."

"जेवायला काय होतं?"

"पुरणपोळी."

पीआरचं, फ्लॅटचं मनोहरने ऐकून घेतलं होतं. यावर मात्र त्याने हातातला घास खाली ठेवला. "वहिनींच्या हातची पुरणपोळी," तो म्हणाला, "आणि मला बोलावलं नाहीस."

प्रबोधने मला उघडलं. बूच भुसा होऊन आत पडलं. चार वर्षं उकाड्यात उभी ठेवलेली वाइन कशी होते, हे तुम्हाला सांगायला मलाच कसंतरी होतं. मी आंबट झाले होते, आणि हिंगाचा वासही येत होता. वर्गात शिकवलेला एकही शब्द प्रबोधला सुचला नाही. त्याचे डोळे भरून आले.

मित्रांनो, बाटली आडवी ठेवा, गारव्यात ठेवा. आणि आनंदाची बातमी मित्राला त्याच दिवशी सांगा, त्याचा दिवस वाईट असला तरी. त्याला ती पेलते.

मनोहरने पेला संपवला. मग प्रबोधच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतोस? तुलूझच्या विमानतळावर एकावर एक फुकट होती. चांगली मी तेव्हाच प्यायलो."

फुकटची मी.