पोटरीतले पाहुणे

माझ्या डाव्या पोटरीत एक गृहस्थ येऊन बसले आहेत. नागपूरहून मिरजेला येताना मी अख्खा प्रवास पाय दुमडून केला. शेजारचा प्रवासी माझ्या खांद्यावर झोपला होता, त्याला हलवणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात हे आत शिरले असावेत. घरी पोचलो तेव्हा पोटरी कलिंगडासारखी टणक झाली होती आणि आतून कोणीतरी खाकरत होतं.

डॉक्टर बोंद्र्यांनी सोनोग्राफी केली. पडद्याकडे बघून त्यांनी अदबीने मान लववली.

"रक्ताची गुठळी आहे," ते मला म्हणाले. "सध्या बसलेत. बसू द्या. उठले तर वर जातील, थेट फुफ्फुसात. मग आमच्या हातात काही राहत नाही."

"पण बसवायचं कसं?"

"तुमच्या घरी पाहुण्यांना कसं बसवतात?"

रक्त पातळ करायच्या गोळ्या देऊन त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. पुढचं माझ्या बायकोने, प्रमिलाने, अंगावर घेतलं. आमच्या घरातून आजवर कोणी भुकेलं उठलेलं नाही. ती माझ्या पायाशी पाट मांडून बसली.

"आता निघावं म्हणतो," पोटरीतून आवाज आला.

"असं कसं? आत्ता तर आलात. पोहे टाकलेत."

"वर मेहुणे वाट बघत असतील."

"बघू देत हो. मेहुणेच ते!"

गृहस्थ हसले. मला मांडीपर्यंत कळ गेली.

पोहे झाले, थालीपीठ झालं, शिरा झाला. खात मी होतो, आग्रह त्यांना होत होता. गोळ्यांचा गुण जातो म्हणून डॉक्टरांनी पालेभाजी बंद केलेली, तर यांना नेमकं अळूचं फदफदं हवं.

"यंदाचं अळू फार खाजतं हो," प्रमिला चेहरा न हलवता म्हणाली.

गोळ्यांनी ते रोडावत चालले. मला बरं वाटलं. पण जाडे होते तोवर बसकण मारून होते. आता त्यांची उठबस सुरू झाली. ते जसे बारीक होत गेले तशी आमच्या घराची दारंही अरुंद होत गेली. परवा डॉक्टर आडवे होऊन आत आले. काल दाराच्या फटीतून त्यांचा नुसता हात आला. गोळी ठेवून परत गेला.

"इथून मावतो की मी," गुडघ्यामागून आवाज आला.

"मावाल हो. पण आधी पोटभर जेवा."

आज जेवण छान झालं. इतकं छान, की प्रमिलाने सवयीने विडा लावला आणि पायाशी ठेवला. ठेवल्यावर तिला कळलं. विडा दिला म्हणजे पाहुण्याला उठायची मोकळीक दिली.

"वहिनी, तृप्त झालो," ते म्हणाले आणि उठले.

मांडीतून गेले. जांघेतून गेले. बेंबीच्या मागून जाताना जरा थांबले, दम खाल्ला. मग छातीशी येऊन त्यांनी बोटाच्या पेराने हलकेच टकटक केली.

प्रमिलाने माझ्या छातीवर दोन्ही तळहात दाबून धरले.

"अहो, श्वास घेऊ नका. घेतलात की दार उघडतं."

मी श्वास रोखून धरला आहे. तिनेही. माणूस भिडस्त आहे, पुन्हा टकटक करत नाही. पलीकडे ते चपला काढून कडेला नीट लावून ठेवतायत.